मे महिन्यातला खो-खोचा सराव: पोरीला पाठवू का? तुमच्या वेळचं सांगा

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, आणि जमलं तर गप्पाही.

लेक यंदा सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाली. शाळेच्या खो-खो संघात राखीव होती. आता सरांचा निरोप आलाय: मे अखेरपर्यंत रोज सराव, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात. घरात यावरून दोन तट पडलेत. आई म्हणते, सांगलीच्या उन्हात पोर करपून जाईल. बायको म्हणते, साताऱ्याला आजोळी जायची ती हक्काची सुट्टी, ती का बुडवायची? लेक काही बोलत नाही. बूट तेवढे धुऊन गच्चीवर वाळत घातलेत तिनं.

मी स्वतः गल्ली क्रिकेटच्या पुढं कधी गेलो नाही. आपल्या सांगलीत विजय हजारे जन्मले, स्मृती मानधना इथंच खेळून मोठी झाली, त्यामुळं क्रिकेटच्या कॅम्पला पोरं घालणारे शेजारीपाजारी भरपूर. खो-खोचं विचारायला कुणी नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हापासून हिच्या डोक्यात आपली कर्णधार प्रियांका इंगळे बसलीय.

शाळेत असताना असा सराव केलेल्या कुणी असाल तर सांगा. इतके दिवस, दोन्ही वेळ, करतात तरी काय? पळापळीच्या खेळात एवढं शिकण्यासारखं असतं का?

आडवी पाटी

दादा, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून मोठ्यानं हसले. आमच्या आजोबांनी सरांना अगदी हेच विचारलं होतं. सर आमच्या सोप्यात चहा घेत बसलेले आणि आजोबा म्हणाले, "पळायला शिकवताय व्हय? ते काय, शेरडंबी पळत्यात." सर म्हणाले, "पळायला नाही काका, बसायला शिकवतो." आजोबांना वाटलं मास्तर थट्टा करतोय. चहा संपेपर्यंत घुश्श्यात होते.

ते खरं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमचं घर गावभागात. साल १९८७-८८च्या आसपासचं. शाळेचं नाव घेत नाही. सर मुळात हिंदीचे. खेळाला वेगळा माणूस नव्हता म्हणून हेडबाईंनी शिट्टी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी कधी वाजवली नाही, टाळी वाजवायचे. अंगात पांढरा सदरा, पायजमा गुडघ्यापर्यंत वर सारलेला, आणि पाय अनवाणी. मुली अनवाणी खेळतात तर मी चपला घालून कसा उभा राहू, असं काहीतरी त्यांचं होतं. बोलून दाखवलं नाही कधी.

आम्ही पोचायच्या आधी मैदानाला पाणी मारलेलं असायचं. मग फक्की. सरांकडं गाठी मारलेला एक कासरा होता. एका खांबापासून ताणायचा, गाठ आली की तिथं चौकोन. टेप आम्ही पाहिलीच नाही. जिल्ह्याच्या पंचांनी एकदा टेप लावून तपासलं आणि बोटभरही फरक निघाला नाही, असं सर सांगायचे. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

आता बसण्याबद्दल. आक्रमणाला नऊ जणी. पळते एक, आठ बसलेल्या. म्हणजे नऊ मिनिटांच्या डावात कुठलीही मुलगी बराचसा वेळ चौकोनात बसूनच असते, आणि गडी टिपला जातो तो बसलेलीच्या उठण्यावर. खो मिळाला, उठलात, खांदे एका बाजूला वळले, की तीच तुमची दिशा. मागं फिरायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. पलीकडं जायचं तर खांबाला वळसा, नाहीतर दुसरीला खो. समोरच्या संघाची पळणारी ह्याच एका क्षणाची वाट बघत असते. तुम्ही आधीच हललात तर फाऊल, उशिरा उठलात तर ती दोन पाट्या पुढं गेलेली.

म्हणून एप्रिल-मेच्या कितीतरी सकाळी आम्ही नुसत्या बसलो. सर पाठीमागून फिरायचे, हातात गुंडाळलेला पेपर. पाठीवर थाप आणि 'खो', दोन्ही एकदम आलं तरच उठायचं. सर कधी नुसती थाप द्यायचे, शब्दच नाही. कधी नुसता शब्द. कधी शेजारणीच्या कानाशी जोरात ओरडायचे. फसली ती मैदानाला चक्कर. मग पायांचं. दोन्ही चवडे एका रेषेत ठेवायचे की एक पुढं एक मागं? आमच्यातल्या उंच मुलींना एक पाय पुढं बरा पडायचा, लहानखुऱ्या मुलींना दोन्ही एका रेषेत. कुणाला काय जमतंय हे सर कसं ठरवायचे माहितीय? आम्ही उठून पळालो की त्या चौकोनाशी उकिडवे बसायचे आणि ओल्या मातीत उमटलेला ठसा बघायचे. बोटांकडं खोल असला तर ठीक. टाच उमटली असली तर मान वर न करता म्हणायचे, "ही झोपली होती." पहाटे पाणी मारायचं कारण आम्हाला त्यावरून कळलं, तोवर वाटायचं धूळ उडू नये म्हणून मारतात.

सरांच्या घरच्या काकूही यायच्या. मैदानाकडेला निंबाखाली पोतं टाकून बसायच्या. मांडीवर गवारी, गळ्यात स्टॉपवॉच. गवारी मोडता मोडता "एक मिनिट... दीड..." असं ओरडायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांचं काम वेळ सांगण्यापुरतं. एकदा सरांना म्हणाल्या, "ती ठोसर वेणीची पोरगी दमली की डाव्याच अंगाला वळती. तुमच्या ध्यानात आलंय का?" सरांच्या आलं नव्हतं. ठोसर वेणीची पोरगी मी. पुढच्या दिवसापासून मला दमवून दमवून उजवीकडं वळवलं. माझं आजही मत आहे की आमच्या संघाचं डोकं काकू होत्या आणि सर हे त्यांचे हातपाय.

सूर मारायला सरांनी लगेच हात लावू दिला नाही. आधी माती चाळायची. आम्हीच चाळायचो, वाळूची चाळण आणून. एवढा एवढा खडा राहिला तरी गुडघा सोलवटतो. मग उसाच्या पाचटानं भरलेली पोती टाकून त्यावर पडायचं, आणि मग मातीत. छातीवर पडायचं, ढोपरावर नाही, हनुवटी वर. खांबाजवळच्या चौकोनात बसणाऱ्या दोघींचं शिक्षण वेगळंच. खांब असतो जेमतेम १२० ते १२५ सेंटिमीटर उंच. तो एका हातानं धरून सगळं अंग बाहेर फेकायचं आणि बोटाच्या टोकानं पळणारीला शिवायचं. आमच्यातली एक ते असं करायची की गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघायची. मला काही ते कधी साधलं नाही, मी मधल्या चौकोनात बसणारी. पण मधल्यांना खो सगळ्यात जास्त मिळतात, तेव्हा तक्रार नाही.

वळवाचा पाऊस झाला की मैदानाचा चिखल. तेव्हा सुट्टी मिळेल म्हणून आम्ही खूश होऊन जायचो आणि सर व्हरांड्यात चिंचोके घेऊन बसलेले असायचे. हरिपूर रस्त्याला चिंचेची झाडं, त्यामुळं चिंचोक्यांना तोटा नाही. फरशीवर खडूनं मैदान, आठ चिंचोके बसलेले, एक हातात, आणि तीन खडे म्हणजे संरक्षणाची तुकडी. बसलेल्यांमधून नागमोडी, म्हणजे साखळीत पळताना ती कुठं तुटते, रिंगणात कुणी कुणाच्या मागं राहायचं, हे मी चिंचोक्यांवर शिकले. मैदानावर दम लागलेला असतो, डोकं चालत नाही. चिंचोक्याला दम लागत नाही.

संध्याकाळचा सराव खरा सामन्याचा. तो संपला की घाटावर जायचं, पाय नदीत सोडून बसायचं. भिजवलेले हरभरे आणि गूळ सरांकडून. कधी कुणाच्या वडलांनी भडंगाचा पुडा पाठवला तर दिवाळी.

जिंकलो का, असं सगळे विचारतात. तालुक्याला पहिल्या आलो. जिल्ह्याला उपांत्य सामन्यात गुण समान, जादा डावातही समान, आणि लघुत्तम आक्रमणात गेलो. म्हणजे पहिला गडी कोण लवकर मारतं त्यावर निकाल. आमच्या बाजूला काही सेकंद जास्त लागले. सर काही बोलले नाहीत. काकू बोलल्या बऱ्याच, पंचांच्या घड्याळाबद्दल. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा दादा, करण्यासारखं पुष्कळ असतं. पाठवा. पण आधी एकदा स्वतः जाऊन बघा.

चार भिंती

ताई, चिंचोके वाचून मजा आली. मी साताऱ्याचा, आणि आमच्याकडं फुटबॉल. हो, साताऱ्यात फुटबॉल. कोल्हापूरचे मित्र हसतात, त्यांच्याकडं पेठापेठांचे संघ आणि शाहू स्टेडियमला मॅचला हीऽऽ गर्दी. आमच्याकडं एक मुरमाड पटांगण आणि एक रिटायर्ड सुभेदार.

सातारा जिल्ह्यात घरटी फौजी, त्यामुळं रिटायर झालेला माणूस गावात काय करतो हा प्रश्नच असतो. आमच्या साहेबांनी शाळेत येऊन हेडसरांना सांगितलं, पगार नको, पोरं द्या. पलटणीत लेफ्ट बॅक खेळलेले. शब्द अर्धे हिंदी: "बॉल के पीछे नहीं भागने का, जगह पे जाने का." आम्ही अठरा-वीस पोरं एकाच बॉलवर तुटून पडायचो. साहेबांनी उपाय काय केला? सकाळभर बॉलच दिला नाही. पटांगणात विटा मांडल्या, प्रत्येकाला वीट नेमून दिली आणि हातात टॉवेल घेऊन स्वतः बॉल झाले. साहेब डावीकडं पळाले की सगळी रांग डावीकडं सरकायची, विटांमधलं अंतर न मोडता. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं म्हातारं येडं झालंय.

शनिवारी अजिंक्यतारा, पळत वर आणि चालत खाली. खाली येताना पळायला बंदी, गुडघे जातात म्हणून. ऐंशीच्या दशकात हे सांगणारा माणूस तोच एक भेटला. वर दरवाज्यापाशी पोचलं की दम खात बसायचं आणि साहेब समोर दिसणारा यवतेश्वरचा डोंगर दाखवून म्हणायचे, "वो भी है, भूलना मत."

सुब्रतो कपला जायचं असं स्वप्न त्यांनी दाखवलं होतं. १९६० पासून चालू असलेली शाळांची फुटबॉल स्पर्धा, दिल्लीला फायनल. आम्ही कोल्हापूर विभागाच्या पुढं कधी सरकलो नाही. कसं सरकणार, विभागात कोल्हापूरच आहे!

रोखठोक

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. मीही सांगली जिल्ह्यातल्याच एका शाळेत कबड्डी खेळलो. आमचे सर सरावात पाणी पिऊ द्यायचे नाहीत. पाणी प्यालं की पोट जड होतं, दम कमी होतो, असा सिद्धांत. पकड सुटली की पाठीवर पट्टा. एक पोरगं मे महिन्यात दुपारी चारच्या उन्हात चक्कर येऊन पडलं, तर त्याला 'नाटकी' म्हणून हाक मारायला लागले सगळे. मी पुढं कबड्डी सोडली, ती खेळ आवडत नव्हता म्हणून नाही.

आठवणीत सगळे सर देव होतात. विश्रामबागकर, तुम्ही बाप आहात, तुम्ही आत्ताचं बघा.

आडवी पाटी

रोखठोक, तुमचं पटलं. पाण्याचा तो सिद्धांत सगळीकडंच होता, आमच्याकडंही थोडाफार. हरिपूरच्या संगमापर्यंत पळून येईस्तोवर सर माठाजवळ फिरकू द्यायचे नाहीत. काकूंनी ते मोडून काढलं. माठ पोत्याशेजारी आणून ठेवला आणि ज्या मुलीचे ओठ सुकलेले दिसतील तिला नाव घेऊन बोलवायच्या. सर बघून न बघितल्यासारखं करायचे. शरीरातलं पाणी कमी झालं की घाम पुरेसा येत नाही, अंग तापत जातं आणि मूल पडतं, हे आता कुणीही डॉक्टर सांगेल. पट्टा आमच्याकडं नव्हता. असता तर आजोबांनी शेरडंच राखायला लावलं असतं मला, आणि बरोबर केलं असतं.

चार भिंती, तुमचे साहेब आणि आमच्या काकू यांची गाठ घालून द्यायला हवी होती. विटा आणि चिंचोके एकच झाले की.

विश्रामबागकर दादा, बघायला जाल तेव्हा संघातल्या चांगल्या मुलींकडं बघू नका. राखीव मुली काय करतायत ते बघा. त्या कडेला उभ्या राहून नुसता बॉटल-टॉवेल सांभाळत असतील तर आजोळी पाठवा बिनधास्त. त्यांनाही बसवून उठवून घेत असतील तर ठेवा. पाणी कुठं ठेवलंय आणि मागावं लागतं का, तेही बघा. आणि आणखी एक: संध्याकाळी पाचला आपल्याकडं मे महिन्यात ऊन उतरलेलं नसतं, मैदान तापलेलं असतं. सरांना साडेपाच-सहा करा म्हणून विनंती करायला हरकत नाही. नीट विचारलं तर ऐकतात.

हिशेबी

आठवणी छान, पण व्यवहाराचंही कुणीतरी लिहा, म्हणून मीच लिहितो. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या क्रमानं होतात, वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. पावसाळ्यात शाळा सुरू झाल्या की लवकरच तालुक्याच्या तारखा लागतात, म्हणून तर सगळे सर मे महिन्याच्या मागं लागतात. वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात आणि राज्य सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून फाईलला लावून ठेवा, लॅमिनेशन करू नका, पडताळणीला मूळ कागद बघतात.

विश्रामबागकर

सगळ्यांचे आभार. आज सकाळी ताईंनी सांगितल्याप्रमाणं मैदानावर जाऊन आलो. लेकीला सांगितलं नव्हतं, कंपाउंडच्या बाहेर गाडीवर बसून बघत होतो. तिच्या सरांचं वय फार तर तिशी. पोरी कबड्डीच्या जुन्या मॅटवर सूर मारत होत्या, मग मातीत. राखीव सहा जणींना वेगळं घेऊन सर बराच वेळ नुसतं बसवत होते. ताई, खरंच बसवत होते! मोबाईलवर त्यांच्या पायांचा व्हिडिओ काढून त्यांनाच दाखवत होते. पाण्याचा जार गेटपाशी, मुली आपापल्या जाऊन पीत होत्या.

आईला सांगितलं. आई म्हणाली, "बसायचंच आहे तर घरी बसू दे की सावलीत."

आजोळचं असं ठरलंय की रविवारी सराव नाही, तर शनिवारी संध्याकाळी साताऱ्याला आणि रविवारी रात्री परत. बायको अजून पूर्ण वळलेली नाही.

एक विचारायचं राहिलं. सर म्हणाले नवे बूट घ्या. ताई तर अनवाणी खेळलेल्या. कसले घ्यायचे? दुकानदार रनिंगचे जाड सोलवाले दाखवतोय, महाग आहेत.

आडवी पाटी

आईंना माझा नमस्कार, आमच्या आजोबांशी चांगलं जमलं असतं त्यांचं.

जाड सोल अजिबात नको. चवड्यावर बसायचं असतं, जाड सोल घालून बोटं वाकत नाहीत आणि खांबाशी वळताना घोटा मुरगळतो. पातळ, लवचिक रबरी सोलाचे साधे कॅनव्हास घ्या. हातात घेऊन पुढचा भाग दुमडून बघा, सहज दुमडला पाहिजे. मापाला अंगठाभर मोठे घेऊ नका, 'पुढच्या वर्षी होतील' हा हिशेब इथं चालत नाही, पाय आत सरकतो. पुढं मॅटवर खेळायला लागली तर वेगळे घ्यावे लागतील, ते तेव्हा सरांना विचारून. आत्ता वाचलेल्या पैशात दोन जोड गुडघ्याचे पॅड घ्या. एक जोड घामानं ओला राहतो, रोज दोन वेळा सराव म्हटल्यावर वाळतच नाही.

विश्रामबागकर

घेतो. दुकान दुपारी बंद असतं, संध्याकाळी तिला सरावाहून आणताना जातो.

चार भिंती

रविवारी साताऱ्यात असाल तर लेकीला सकाळी अजिंक्यताऱ्यावर न्या. उतरताना पळू देऊ नका.